पट्टी बदलली तरी चाल तीच : तान्हे बाळ संगीत कसे ऐकते आणि कसे लक्षात ठेवते

गणपतीच्या आधीचे पाच-सहा आठवडे नाशिकमध्ये संध्याकाळी कोणत्याही दिशेला गेले तरी ढोलपथकाचा सराव कानावर पडतो. नाशिक ढोलाने या शहराचे नाव दूरवर नेले असल्यामुळे त्याविषयी तक्रार करणे येथे अंमळ अवघड जाते. तरीही गेल्या वर्षी आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत ती झालीच. एका घरी सुनेला सातवा महिना लागला होता आणि ढोल सुरू झाला की पोटातले बाळ दचकते, तेव्हा पथकाने जागा बदलावी, असे सासूबाईंचे म्हणणे होते. गंमत अशी की, त्याच घरात रोज सकाळी गर्भसंस्कार म्हणून वीणावादन लावलेला मोबाइल सुनेच्या पोटाला टेकवून ठेवला जाई आणि त्यामुळे बाळ बुद्धिमान निपजेल याविषयी कोणालाही शंका नव्हती. ढोलाने अपाय होतो आणि वीणेने बुद्धी वाढते, या दोन्ही समजुती एकाच प्रश्नावर उभ्या आहेत. बाळाला नेमके काय ऐकू येते, त्यातले काय त्याच्या लक्षात राहते आणि राहिलेल्याचे पुढे काय होते? गेल्या चार-साडेचार दशकांत या प्रश्नावर बरेच काटेकोर प्रयोग झाले आहेत आणि त्यांची उत्तरे दोन्ही समजुतींपेक्षा अधिक रंजक आहेत.

भिंतीपलीकडचा टीव्ही

ध्वनीची कंपने मेंदूला कळतील अशा संकेतांत बदलण्याचे काम कानाच्या आतला, गोगलगायीच्या शंखासारखा गुंडाळलेला एक अवयव करतो. गर्भारपणाच्या साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापर्यंत तो कामाला लागतो. खालच्या स्वरांना काही गर्भ त्याच्याही आधी, एकोणिसाव्या आठवड्याच्या सुमारास, हालचाल करून प्रतिसाद देतात असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र हा प्रतिसाद नियमित मिळू लागतो.

तरीही ऐकू येणे म्हणजे आपल्याला येते तसे येणे नव्हे. शेजारच्या फ्लॅटमध्ये टीव्ही चालू असेल तर भिंतीपलीकडून संवादाचे शब्द कळत नाहीत, परंतु बोलणारा पुरुष आहे की स्त्री, आवाज चढला की उतरला, मालिकेचे शीर्षकगीत लागले की जाहिरात, हे आपण सहज ओळखतो. आईच्या शरीराची भिंत असेच करते. ती खालचे, घुमणारे ध्वनी बऱ्यापैकी आत सोडते आणि उंच, बारीक ध्वनी गाळून टाकते. त्यामुळे ढोलाचा घुमारा आत पोहोचतो आणि ताशाची तडतड बरीचशी वाटेतच विरते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे स्वर मुळातच नीट निघत नाहीत. वीणेच्या नादातले जे नाजूक काम तो ऐकवू शकतो, तेच नेमके गाळले जाणारे असते. या भिंतीला एक मोठा अपवाद आहे आणि तो म्हणजे आईचा स्वतःचा आवाज. तो बाहेरच्या हवेतून येतो, तसाच तिच्या हाडा-मांसातून थेट आतही उतरतो. बाळाच्या श्रवणविश्वातला प्रमुख कलाकार आईच असते आणि तिला त्यासाठी कोणतेही यंत्र पोटाला टेकवावे लागत नाही.

जे बोलत नाही, त्याला विचारायचे कसे?

येथे जाणता वाचक हरकत घेईल की, बाळाला काय कळते हे तुम्हाला कसे कळले. हरकत रास्त आहे, कारण आजी-आजोबांना नातवंडांच्या प्रत्येक हालचालीत अर्थ दिसतो आणि शास्त्रज्ञही माणसेच असतात. म्हणून बाळाला जमणाऱ्या मोजक्या क्रिया त्यांनी मोजमापासाठी वापरल्या. त्यांतली पहिली म्हणजे चोखणे. १९८० मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी नवजात बाळांच्या तोंडात यंत्राला जोडलेली चोखणी दिली. एका लयीत चोखले तर स्वतःच्या आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखले तर परक्या स्त्रीचा. जन्माला येऊन तीन दिवसही न झालेली ही बाळे आईचा आवाज ऐकण्यासाठी आपली चोखण्याची लय बदलू लागली.

थोड्या मोठ्या बाळांच्या बाबतीत नजर मोजतात. रोज तीच भाजी पानात आली की आपण तोंड फिरवतो, त्याप्रमाणे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून बाळ कंटाळते आणि नवे काही लागले की पुन्हा त्या दिशेला टक लावून पाहते. दोन गोष्टी ऐकवल्यावर बाळ दोन्हींकडे सारखाच वेळ पाहत राहिले, तर त्याला त्यांतला फरक जाणवल्याचा पुरावा मिळत नाही. एकीकडे सातत्याने अधिक पाहिले, तर फरक जाणवला हे नक्की. याखेरीज हृदयाचे ठोके मोजतात आणि डोक्यावर बारीक विद्युतअग्रांची टोपी घालून मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख काढतात, ज्याला ईईजी म्हणतात. ईईजीची सोय अशी की, तो झोपलेल्या बाळाचाही काढता येतो. तान्ह्या बाळाच्या दिनक्रमाचा विचार करता ही सोय मोठीच म्हणायची.

जन्माआधीची ओळख

फिनलंडमध्ये झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात फार महत्त्वाचा आहे. काही गर्भवती स्त्रियांनी शेवटच्या तीन महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस एका सोप्या बालगीताची चाल घरी लावली. जन्मानंतर लगेच आणि पुन्हा चौथ्या महिन्यात बाळांना तीच चाल, मधले काही स्वर बदलून, ऐकवली आणि ईईजी काढला. पोटात असताना ती चाल ऐकलेल्या बाळांच्या मेंदूने तिच्या न बदललेल्या स्वरांना, ती न ऐकलेल्या बाळांपेक्षा ठळक प्रतिसाद दिला, आणि हा फरक चार महिन्यांनंतरही टिकून होता. प्रयोगातील बाळे दोन डझनच होती, हे येथे नोंदवले पाहिजे.

दुसरा पुरावा रडण्याचा आहे. २००९ मध्ये जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठाच्या काथलीन वेर्म्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच व जर्मन कुटुंबांतील प्रत्येकी तीस नवजात बाळांचे रडणे ध्वनिमुद्रित केले. फ्रेंच बाळांच्या रडण्यात स्वर बहुधा चढत जाई आणि जर्मन बाळांच्या रडण्यात उतरत जाई; त्या-त्या भाषेतील वाक्यांची ठेवणही तशीच असते. भिंतीपलीकडून शब्द आले नाहीत, पण भाषेची चाल आली होती.

काळी एक की पांढरी चार?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. आपण एखादे गाणे ओळखतो ते त्यातल्या स्वरांच्या प्रत्यक्ष उंचीवरून ओळखत नाही. तीच आरती आजोबा खालच्या पट्टीत म्हणतात आणि नात वरच्या पट्टीत म्हणते. दोघांच्या आवाजातला एकही स्वर जुळत नसला तरी आरती एकच असते, कारण एका स्वरापासून दुसरा स्वर किती वर किंवा खाली आहे, ही अंतरे कायम राहतात. या अंतरांच्या नकाशालाच आपण चाल म्हणतो. हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की त्यातली करामत लक्षात येत नाही. अनेक प्राण्यांना मात्र पट्टी बदलली की ओळखीची चाल ओळखणे फार अवघड जाते.

बाळांना हे जमते का? कॅनडातील सँड्रा ट्रेहब यांच्या प्रयोगशाळेने १९७७ मध्येच पाच महिन्यांच्या बाळांना सहा स्वरांची एक चाल ऐकवून हृदयाचे ठोके मोजले होते. पट्टी बदलली तेव्हा बाळांना काही नवे घडल्यासारखे वाटले नाही; त्याच स्वरांचा क्रम विस्कटला, तेव्हा मात्र ठोके बदलले. पुढे २००५ मध्ये जुडी प्लँटिंगा आणि लॉरेल ट्रेनर यांनी सहा महिन्यांच्या बाळांना सात दिवस घरी एक लोकगीताची चाल ऐकवली. आठव्या दिवशी ती चाल आणि एक नवी चाल समोर ठेवल्यावर बाळांनी नवीकडे जास्त लक्ष दिले, म्हणजे जुनी त्यांच्या लक्षात होती. परंतु जुनीच चाल मूळ पट्टीत आणि बदललेल्या पट्टीत ऐकवली, तेव्हा त्यांनी कोणताही भेद केला नाही. सहा महिन्यांच्या बाळाने आठवडाभर जपली ती चाल होती, पट्टी नव्हे.

याचा अर्थ बाकी सगळे ते टाकून देते असा मात्र नाही. ट्रेनर यांच्याच २००४ मधील प्रयोगात असे दिसले की, शिकलेली चाल वेगळ्या वाद्यावर किंवा वेगळ्या लयीत वाजवली की बाळांची ओळख पुसट होते. पेटीवर ऐकलेले गाणे बासरीवर लागले किंवा संथ अंगाई घाईने उरकली, तर बाळाच्या लेखी ते गाणे काहीसे परके होते. ही आठवण टिकाऊही असते. २००० मधील एका अभ्यासात सात महिन्यांच्या बाळांनी दोन आठवडे रोज मोत्झार्टच्या रचना ऐकल्या आणि त्यानंतर मध्ये दोन आठवड्यांचा खंड पडूनही त्यांना त्या ओळखता आल्या.

सम चुकली की मेंदूला कळते

स्वरांइतकीच लयीची जाणही लवकर येते. बुडापेस्टमधील इश्टवान विंकलर आणि ॲम्स्टरडॅमचे हेनक्यान होनिंग यांनी सहकाऱ्यांसह दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा एक ठेका ऐकवला आणि मधूनच आवर्तनाचा पहिला, आपल्या भाषेत समेचा, ठोका गाळला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सम गाळली की ईईजीत चटकन फरक दिसे. कमी महत्त्वाचा ठोका गाळल्यास तसा दिसत नसे. मैफलीत समेला मान न डोलवणाऱ्या श्रोत्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

त्याहून विलक्षण निष्कर्ष एरिन हॅनन आणि ट्रेहब यांनी २००५ मध्ये मांडला. बाल्कन प्रदेशातील लोकसंगीतात सात मात्रांचे, असमान विभागांचे ठेके सर्रास आढळतात. आपला रूपक तीन-दोन-दोन असा चालतो, तशीच ही जात आहे. उत्तर अमेरिकेतील प्रौढांना अशा ठेक्यातली चूक ओळखता येत नाही, कारण त्यांच्या कानांना दोन-दोनच्या सरळ विभागांची सवय झालेली असते. तेथील सहा महिन्यांच्या बाळांना मात्र सरळ आणि वाकडा, दोन्ही ठेक्यांतल्या चुका सारख्याच कळल्या. बारा महिन्यांच्या बाळांचे कौशल्य एव्हाना प्रौढांसारखेच आक्रसले होते. पण त्यांना दोन आठवडे घरी बाल्कन संगीत ऐकवल्यावर ते परत आले. प्रौढांना तेवढ्याच सरावाने ते आले नाही.

भाषेतही असेच घडते. इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद ओळखतात आणि वर्षाची होईपर्यंत तो विसरतात, हे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले होते. बाळाचा कान सुरुवातीला सर्व दारे उघडी असलेल्या वाड्यासारखा असतो. ज्या दारांतून कोणी ये-जा करत नाही, ती पहिल्या वर्षात हळूहळू लोटली जातात. आपल्या बाळांवर हा प्रयोग झाल्याचे माझ्या वाचनात नाही, पण ज्या घरात रूपक आणि झपताल कानावर पडतात, त्या घरातील बाळाला सात आणि दहा मात्रा सरळच वाटत असणार, असे माझे अनुमान आहे. दिवसभर केरव्याच्या सरळ ठेक्यातलीच चित्रपटगीते लागत असतील, तर या अनुमानाला अर्थ नाही.

कान ऐकतो, अंग मोजते

मला सर्वांत आवडलेला प्रयोग २००५ मधीलच आहे. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना सहा मात्रांचा असा ठेका ऐकवला की ज्यात कोणत्याच ठोक्यावर जोर नव्हता. तो दोन-दोनचा मानता येई, तसाच तीन-तीनचाही मानता येई. तो ऐकवताना निम्म्या बाळांना दर दुसऱ्या ठोक्यावर आणि उरलेल्यांना दर तिसऱ्या ठोक्यावर दोन मिनिटे हातांत धरून वरखाली झुलवले. नंतर जोर दिलेले दोन्ही ठेके ऐकवले, तेव्हा प्रत्येक बाळाने आपल्याला झुलवले होते त्याच गणिताचा ठेका जास्त वेळ ऐकला. डोळे झाकून झुलवलेल्या बाळांनीही तेच केले; दुसऱ्या कोणाला झुलताना नुसते पाहिलेल्या बाळांना मात्र ते जमले नाही. म्हणजे ऐकलेल्या आवाजात नसलेला जोर बाळाच्या अंगाने त्यात भरला होता. पाळण्याची दोरी ओढत किंवा पसरलेल्या पायांवर बाळाला घेऊन हलवत अंगाई म्हणण्याची आपली रीत कोणी प्रयोगशाळेत ठरवली नव्हती. पण झोका आणि ठेका एकत्र देणे हा बाळाला लय शिकवण्याचा उत्तम मार्ग आहे, हे आता प्रयोगांतूनही दिसते.

या झुलण्याला सामाजिक बाजूही आहे. लॉरा सिरेली यांच्या २०१४ मधील अभ्यासात चौदा महिन्यांच्या मुलांना संगीतावर झुलवले. समोरची व्यक्ती त्यांच्याच तालात झुलली असेल, तर नंतर तिच्या हातून कपड्यांचे चिमटे वगैरे पडल्यावर ती मुले ते उचलून देण्यास अधिक तत्पर होती.

गाणे कोणाचे?

हार्वर्डमधील सॅम्युएल मेहर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पाच महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग पोटाला मोबाइल लावणाऱ्यांनी आवर्जून वाचण्यासारखा आहे. एकच नवे गाणे काही बाळांना आई-वडिलांनी घरी म्हणून दाखवले, काहींनी ते खेळण्यातून ऐकले, तर काहींनी व्हिडिओ कॉलवरील एका प्रेमळ पण परक्या माणसाकडून. नंतर दोन अनोळखी व्यक्ती बाळासमोर आल्या. एकीने ते ओळखीचे गाणे म्हटले आणि दुसरीने त्याच शब्दांचे वेगळ्या चालीचे. आई-वडिलांकडून गाणे शिकलेली बाळे ओळखीच्या चालीच्या व्यक्तीकडे जास्त वेळ पाहत राहिली. बाकीच्या बाळांमध्ये अशी पसंती दिसली नाही. ऐकलेली चाल एकच होती. ती घरच्या माणसाकडून आली, तेव्हाच ती आपल्या माणसांची खूण ठरली.

बाळाला शांत करण्याचे गाण्याचे सामर्थ्यही मोजले गेले आहे. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच घरांतील बाळांना त्यांना न येणाऱ्या तुर्की भाषेतील गाणे ऐकवले, तेव्हा कुरकुर सुरू होईपर्यंत सरासरी नऊ मिनिटे गेली. बोबडे लाडिक बोलणे मात्र बाळांना जेमतेम चार मिनिटे पुरले. आजी पाळणा म्हणत असताना आईने पटकन आंघोळ उरकून घ्यावी, ही घरगुती व्यवस्था या आकड्यांत अगदी नीट बसते.

“मला तर गाता येत नाही”

अशी सबब बहुतेक वडील सांगतात. तिचे उत्तर थोडक्यात देता येते. दोन दिवसांच्या बाळांना, त्यांचे आई-वडील मूकबधिर असले तरीही, मोठ्यांसाठी गायलेल्या गाण्यापेक्षा बाळासाठी गायलेले गाणे अधिक रुचते, असे नोबुओ मसाताका यांनी १९९९ मध्ये दाखवले. बाळासाठी गाताना कोणीही नकळत लय संथ करतो, स्वर किंचित चढवतो आणि आवाजात हसू आणतो. पट्टीची चिंता बाळाला नाही, हे वर आलेच आहे. अंतरे बरीच चुकली तर बाळ ती चुकलेली चाल शिकेल, एवढाच काय तो धोका.

“मग बाळ हुशार होते की नाही?”

या समजुतीचा उगम शोधता येतो. १९९३ मध्ये छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे मोत्झार्ट ऐकल्यावर आकृत्यांच्या एका चाचणीत थोडे अधिक गुण मिळवले आणि हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्या प्रयोगात बाळ एकही नव्हते. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. पुढील वर्षांत अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर उरले ते एवढेच की, आवडीचे काही ऐकले की माणसाला तरतरी येते.

आपल्याकडे अभिमन्यूचे उदाहरण देतात. कथा सुंदर आहे, परंतु ऐकलेले अर्धवट राहिल्याने त्याचे काय झाले, हेही त्याच कथेत आहे. नाशिकचेच उदाहरण घ्यायचे तर द. वि. पलुसकरांचे घ्यावे. १९२१ मध्ये याच शहरात, थोर गायक व संगीतगुरू विष्णु दिगंबर पलुसकरांच्या घरी जन्मलेल्या या गायकाच्या कानावर जन्माआधीही भजने पडली असतीलच. पण ते दहा वर्षांचे असताना वडील गेले आणि गायक म्हणून ते घडले, ते विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांच्याकडील अनेक वर्षांच्या तालमीतून.

“मोठेपणी आठवत नसेल, तर उपयोग काय?”

आपल्यापैकी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांच्या वयाआधीचे काहीही सांगता येत नाही. परंतु घडलेला प्रसंग सांगता येणे आणि अंगवळणी पडलेली गोष्ट जमणे, या वेगवेगळ्या आठवणी आहेत. मराठीतले ‘ळ’ आणि ‘ण’ आपण कोणत्या दिवशी शिकलो हे कोणालाही आठवत नाही, तरी ते रोज उच्चारतो. बाळपणीचे संगीतही त्याच खात्यात जमा होते. बारशाचा पाळणा आठवणार नाही. कोणता ठेका सरळ आणि कोणता वाकडा, हे मात्र कानाने केव्हाच ठरवलेले असते.

पुन्हा ढोलाकडे

सासूबाईंची तक्रार अगदीच निराधार नव्हती. स्वीडनमध्ये दहा लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भारपणी पूर्ण वेळ ८५ डेसिबल किंवा त्याहून अधिक गोंगाटात काम केलेल्या स्त्रियांच्या मुलांत श्रवणदोषाचे प्रमाण काहीसे जास्त आढळले. पण ती महिनोन्महिने आठ-आठ तासांची गोष्ट होती. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो; तीन इमारती पलीकडून येणारा तासाभराचा सराव वेगळा आणि मिरवणुकीत ढोलाला खेटून चालणे वेगळे. हे दुसरे गर्भवतीने आणि तान्ह्याला कडेवर घेतलेल्या कोणीही टाळावे. बाळाला झोपवण्यासाठी मिळणारी ‘शूऽऽ’ आवाजाची यंत्रेही निरुपद्रवी समजू नयेत. २०१४ मध्ये अशी चौदा यंत्रे तपासली, तेव्हा पूर्ण आवाजावर त्यांतली तीन ८५ डेसिबलच्याही वर गेली. लावायचेच असेल तर यंत्र पाळण्यापासून दूर आणि हळू आवाजात लावावे.

या सर्व लेखात बाळाला ऐकू येते असे गृहीत धरले आहे. दर हजारी एक ते तीन बाळांच्या बाबतीत ते खरे नसते. घरी थाळी वाजवून बाळ दचकते का ते पाहण्याची पद्धत फसवी आहे, कारण एका कानाने ऐकू येत असले तरी, किंवा केवळ थाळीचा हादरा जाणवला तरीही, बाळ दचकते. प्रसूतीनंतर घरी जाण्यापूर्वी होणारी श्रवणचाचणी बाळ झोपेत असतानाच, कानात मऊ बोंडी ठेवून, काही मिनिटांत पूर्ण होते. ती झाली नसेल तर पहिल्या महिन्यातच डॉक्टरांकडे मागावी, आणि तीत शंका निघाली तर तीन महिन्यांच्या आत पुढची तपासणी करून घ्यावी.